खोगिराखालचे दुखणे

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याला नॉरफोक नावाचा परगणा आहे. त्या परगण्यातील नॉरिच शहरालगतच्या ओल्ड कॅटन या गावी, १८७८ सालच्या एप्रिलअखेरीस, एका घरापुढे शववाहिनी येऊन उभी राहिली. घरातील म्हातारी नुकतीच एक्याऐंशी वर्षांची झाली होती आणि तिची एकुलती एक मुलगी गेली होती. असे सांगतात की, म्हातारीने खिडकीतून बाहेर पाहिले तेव्हा तिची नजर आधी गेली ती घोड्यांकडे. त्यांच्या माना मागे खेचून, वर ताणून बांधलेल्या होत्या. तेव्हाची तशी रीतच होती आणि अंत्ययात्रेला तर हा डौल हवाच असे. म्हातारीने त्या वाद्या सोडायला लावल्या. घोड्यांच्या माना मोकळ्या झाल्या आणि मगच मुलीची शेवटची यात्रा निघाली.

ती मुलगी म्हणजे अ‍ॅना स्यूएल. ‘ब्लॅक ब्यूटी’ या जगप्रसिद्ध पुस्तकाची लेखिका. तिने आयुष्यात हे एकच पुस्तक लिहिले आणि ते बाजारात येऊन तेव्हा जेमतेम पाच महिने झाले होते.

आपल्यापैकी पुष्कळांनी हे पुस्तक शाळेत असताना, बहुधा संक्षिप्त रूपात, वाचलेले असते. काळ्याभोर घोड्याने स्वतः सांगितलेली आपली कहाणी. मीही ते तसेच वाचले होते आणि डोळे पुसत कपाटात ठेवून दिले होते. पुढे केव्हातरी मूळ पुस्तक पूर्ण वाचायचा योग आला, तेव्हा ध्यानात आले की हे मुलांसाठी लिहिलेले पुस्तकच नव्हे. घोड्याचा खरारा करणारा मोतद्दार, गाडी हाकणारा कोचमन, भाड्याची गाडी चालवणारा गरीब माणूस आणि घोडा विकत घेणारा पण त्याच्याविषयी काहीही न जाणणारा मालक, या सर्वांसाठी तिने ते लिहिले होते. शिंगरू मोठे होत असताना त्याला कसे वागवावे, पाठीवर ओझे केव्हा आणि कसे ठेवावे, चुकले तर काय होते, हे तिला त्यांच्या गळी उतरवायचे होते. कथा हे त्या औषधाचे अनुपान म्हणायचे.

आणि हे सारे लिहिणारी बाई स्वतः धड चालू शकत नव्हती.

अ‍ॅनाचा जन्म ३० मार्च १८२० रोजी ग्रेट यारमथ या बंदराच्या गावी झाला. घराणे क्वेकर पंथाचे. साधे कपडे, साधे बोलणे, गुलामगिरीला विरोध, मुक्या प्राण्यांवर दया, असा हा पंथ. वडील आयझॅक सज्जन, पण व्यापारात यश नाही. दुकान बुडाले आणि कुटुंब लंडनला आले. अ‍ॅना आणि तिच्याहून दोन वर्षांनी धाकटा फिलिप यांना आई मेरीनेच घरी शिकवले. आई मोठी खंबीर बाई. परसात पडलेल्या पक्ष्यापासून आकाशातल्या ढगापर्यंत जे दिसेल त्यावरून ती मुलांना धडे देई. एकदा कुणा शिकाऱ्याने मारलेला पक्षी त्यांच्या बागेत पडला. तो मागायला आला तर छोट्या अ‍ॅनाने त्याला साफ नकार दिला, अशी आठवण सांगतात. सुट्टीत मुले नॉरफोकमध्ये नातेवाइकांच्या शेतावर जात. अ‍ॅना घोड्यावर बसायला शिकली ती तिथेच.

बाराव्या वर्षी ती प्रथम शाळेत गेली. चौदाव्या वर्षाच्या सुमारास एके दिवशी शाळेतून परतताना पाऊस आला म्हणून ती धावत सुटली, घराजवळ आल्यावर घसरून पडली आणि दोन्ही घोट्यांना जबर दुखापत झाली. अशी पडझड मुलांची होतच असते. योग्य विश्रांती आणि योग्य उपचार मिळते तर ती कदाचित महिना-दोन महिन्यांत पुन्हा धावू लागली असती. पण त्या काळचे वैद्यक म्हणजे अंधारात मारलेला तीर. उपचार चुकले असावेत, असेच तिच्या चरित्रकारांचे मत आहे. घोटे कधीच नीट झाले नाहीत. पुढची चव्वेचाळीस वर्षे कुबडीशिवाय उभे राहणे कठीण आणि लांब चालणे अशक्य, अशा अवस्थेत तिने काढली.

हे थोडे विस्ताराने सांगतो, कारण तिचे पुस्तक या अपघातापासून मला वेगळे काढता येत नाही. कोवळ्या वयात झालेली एक इजा, तिच्यावर शहाण्यासुरत्या माणसांनीच केलेली चुकीची देखभाल आणि त्याची किंमत आयुष्यभर मोजणारे शरीर! पुस्तकात असे घोडे पानोपानी भेटतात. अ‍ॅनाने स्वतःच्या दुखण्याविषयी त्यात एक अक्षर लिहिलेले नाही. तशी ती तक्रारखोर नव्हतीच. पण घोट्यातली कळ, ओढलेला स्नायू, आखडलेली पाठ यांविषयी तिने लिहिले आहे ते दुरून पाहणाऱ्या माणसाचे लिहिणे नाही, एवढे कोणालाही कळावे.

१८३६ मध्ये वडिलांना ब्रायटनला बँकेत नोकरी मिळाली. समुद्राची हवा मुलीला मानवेल, ही आशा होती. ती काही फळली नाही. पुढे लॅन्सिंग, मग आणखी गावे, अशी घरे बदलत राहिली. १८४६ मध्ये ती युरोपातील औषधी झऱ्यांच्या गावीही जाऊन आली. थोडे बरे वाटे, पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. या सगळ्यात तिला मोकळेपणा मिळे तो एकाच ठिकाणी. पायांनी साथ सोडलेल्या या मुलीला फिरायचे तर घोडा हवा. छोट्या घोडागाडीतून वडिलांना रेल्वे स्टेशनावर सोडायला आणि संध्याकाळी आणायला तीच जाई. रोजचा हा प्रवास वर्षानुवर्षे चालला. घोड्याचे पाऊल कसे पडते, चढ आला की तो काय करतो, मान का झटकतो, कान केव्हा मागे पाडतो, हे तिने त्या गाडीत बसून टिपले.

१८६३च्या सुमारास, कुटुंब ग्लॉस्टरशरमध्ये राहत असताना, मिसेस बेली नावाच्या लेखिका त्यांच्याकडे आल्या. त्यांना स्टेशनावर पोचवायला अ‍ॅना गाडी घेऊन निघाली. बेलीबाईंनी पुढे मेरी स्यूएलचे चरित्र लिहिले, त्यात हा प्रसंग आहे. लगाम अ‍ॅनाच्या हातात नावालाच, अगदी सैल. चाबकाचे काम नाही. आणि सारा वेळ ती घोड्याशी बोलत होती, घरच्या माणसाशी बोलावे तशी, क्वेकरांच्या त्या जुन्या वळणाच्या ‘तू’ने. घोडाही जणू ऐकत होता. त्याच वेळी बेलीबाईंनी तिला अमेरिकन धर्मोपदेशक होरेस बुशनेल यांच्या प्राण्यांवरील निबंधाविषयी सांगितले. त्या निबंधाने तिच्या मनात घर केले.

आईचे नाव तोवर गाजू लागले होते. गरीब, अर्धशिक्षित लोकांना समजतील अशा कथाकविता मेरी स्यूएलने वयाच्या साठीनंतर लिहिल्या. तिची १८६० मधली एक कविता तर दहा लाखांवर प्रतींत खपली. आईचे प्रत्येक लिखाण आधी अ‍ॅनाच्या हातून जाई आणि ती मुळीच भिडेखातर सोडून देत नसे. साधा शब्द, छोटे वाक्य, कामकरी माणसाला दिवसभराच्या कष्टांनंतरही झेपेल अशी रचना, ही शिस्त तिने आईच्या कविता तपासता तपासता स्वतःला लावून घेतली असणार. पुढे तिचा हा अभ्यास फार उपयोगी पडला.

फिलिपची बायको सात मुले मागे ठेवून वारली. त्याच्याजवळ राहावे म्हणून १८६७ मध्ये आईवडील आणि अ‍ॅना ओल्ड कॅटनला आले. इथे अ‍ॅनाची तब्येत पार ढासळली. घराबाहेर पडणे संपले आणि ज्या घोडागाडीने तिला पाय दिले होते, तीही सुटली. दिवस कोचावर जाऊ लागले. आपण एका घोड्याचे चरित्र लिहीत आहोत, अशी पहिली नोंद तिच्या रोजनिशीत सापडते ती नोव्हेंबर १८७१ ची. पुस्तक पुरे व्हायला सहा वर्षे लागली. अंगात बळ नसे तेव्हा ती सांगे आणि आई लिहून घेई. बरे असले की कागदाच्या कपट्यांवर पेन्सिलीने स्वतः लिही आणि ऐंशीला टेकलेली आई ते सुवाच्य अक्षरात उतरून काढी. मायलेकींच्या या कारखान्यातून महिन्याला किती पाने निघत असतील याचा विचार केला की, आपल्या सबबी फार तोकड्या वाटतात. असो.

आता पुस्तकाकडे येऊ. ते उघडते एका कुरणात. शिंगरू आईजवळ आहे, दूध पिते आहे, बरोबरीच्या सहा शिंगरांबरोबर हुंदडते आहे. मालक भला शेतकरी. घोडा चांगला दिसू लागला म्हणून त्याला लगेच विकायची त्याला घाई नाही. चार वर्षांचा होईपर्यंत तो त्याला कामाला लावत नाही. माणसांच्या मुलांनी मोठ्यांसारखे राबू नये, तसेच शिंगरांनीही घोड्यांसारखे राबू नये, असे या शेतकऱ्याचे मत. चार वर्षे पुरी झाल्यावर जमीनदार येऊन त्याचे डोळे, दात, पाय तपासतो आणि मग शिकवणी सुरू होते.

आपल्याकडे घोडा फिरवून तयार करणाऱ्याला चाबूकस्वार म्हणतात. शब्दातच चाबूक आहे. अ‍ॅनाच्या शेतकऱ्याच्या शिकवणीत चाबूक नाही. तो हे काम दुसऱ्या कोणाला सोपवतही नाही. आधी तोंडात कडियाळे. ते किती वाईट लागते, थंडगार लोखंडाचा जाड तुकडा जिभेवर कसा बसतो, हे घोडा स्वतः सांगतो. मग हलकेच पाठीवर खोगीर, बरोबर ओंजळभर दाणा, थोपटणे आणि गोड बोलणे. खोगिराची सवय झाली की मग एके सकाळी मालक पाठीवर बसतो आणि त्याला कुरणातल्या मऊ गवतावर थोडा वेळ फिरवतो. रोज थोडेथोडे. त्यानंतर नाल, मग गाडीचा साज, मग रेल्वेच्या रुळांजवळच्या कुरणात पंधरवडाभर मुक्काम, म्हणजे आगगाडीची भीती मोडावी. आणि गाडीला जुंपायचे तेही आधी शहाण्यासुरत्या आईच्या जोडीला.

याच्या अगदी उलट जिंजर ही घोडी. तिला लहानपणीच आईपासून तोडले. मायेचा हात कधी अंगावरून फिरला नाही. शिकवणीची वेळ आली तेव्हा चारपाच गड्यांनी तिला कोपऱ्यात गाठले, एकाने शेंडी धरली, एकाने नाक दाबले, एकाने जबडा उघडून कडियाळे कोंबले. मालकाचा दांडगा मुलगा तिची रग जिरवायची म्हणून तिला दमेस्तोवर गोल गोल पळवी. अशी घोडी चावरी निघाली नाही तरच नवल! तबेल्यातले लोक मात्र म्हणत, जातच खोडील आहे.

ही दोन शिंगरे अ‍ॅनाने शेजारी शेजारी उभी केली आहेत. घोडा वाईट निपजत नाही, तो वाईट केला जातो, हे तिचे म्हणणे आज आपल्याला सरळ वाटते. तिच्या काळी ते तसे नव्हते.

चार वर्षांची ती अट ही नुसती भूतदया होती असेही समजू नका. घोड्याच्या शरीरशास्त्राने पुढे तिचीच बाजू घेतली आहे. घोड्याच्या पायांची हाडे तुलनेने लवकर पक्की होतात. पाठीच्या मणक्यांची वाढ मात्र सर्वांत शेवटी, पाचव्या-सहाव्या वर्षाच्या सुमारास पुरी होते. म्हणजे तीन वर्षांचा घोडा बाहेरून चांगला थोराड दिसला तरी त्याची पाठ अजून कच्चीच असते. माणसाला बसायला निसर्गाने ती केलेलीही नाही. बरगड्या जोडलेले अठरा मणके पुढच्या आणि मागच्या पायांच्या मध्ये पुलासारखे पसरलेले. वरून स्वाराचे वजन आले की हा पूल खाली वाकू पाहतो. त्याला खालून पोटाचे स्नायू उचलून धरतात आणि पुढून मानेचा जाडजूड बंध. घोडा मान पुढे, खाली सोडतो तेव्हा डोक्यापासून निघालेला हा बंध ताणला जातो, मानेच्या बुंध्याशी असलेला उंचवटा वर खेचला जातो आणि त्याबरोबर पाठ उचलली जाते. उलट डोके वर ताणून धरले की पाठ खोलगट होते, मणक्यांची वरची टोके एकमेकांजवळ येतात आणि काही घोड्यांत तर एकमेकांना घासू लागतात. तरुण वयात हे दुखणे जडले की घोडा तंग आवळताना चावायला बघतो, खोगीर ठेवताच पाठ खाली दाबतो, स्वार बसताच उधळतो. लोक त्याला खोडी म्हणतात.

आता त्या वाद्यांकडे वळू. अंत्ययात्रेच्या घोड्यांची सोडलेली वादी ती हीच. इंग्रजीत तिला ‘बेअरिंग रेन’ म्हणत. कोचमनच्या हातातल्या लगामाशी तिचा संबंध नाही. कडियाळ्यापासून निघून ती पाठीवरच्या साजाच्या आकड्यात अडकवायची. एकदा अडकवली की घोड्याला मान खाली घेताच येत नाही. उद्देश एकच, घोडा ऐटबाज दिसावा. लंडनच्या बड्या घरच्या बायका गाडीत बसून जात तेव्हा पुढच्या जोडीच्या माना आकाशाला भिडलेल्या हव्यात, तोंडाला फेस हवा, म्हणजे जनावरे कशी पाणीदार दिसतात! तो फेस पाण्याचा नसून वेदनेचा आहे, हे कोण सांगणार? पुस्तकातील उमराव घराण्याची मालकीण ही वादी रोज एकेक भोक वर घ्यायला लावते. ब्लॅक ब्यूटी सहन करतो, मात्र चढावर गाडी ओढताना डोके पुढे टाकून जोर लावता येत नाही, सारा ताण पाठीवर आणि पायांवर येतो, असे तो सांगतो. शरीरशास्त्राचे पुस्तक न उघडता अ‍ॅनाने हे नेमके पकडले होते. जिंजर एक दिवस लाथा झाडते आणि तिची गाडीतून सुटका होते.

सुटका कसली! घरच्या धाकट्या चिरंजीवांना शिकारीवर जायला घोडा हवा असतो. हा जड अंगाचा, बेदरकार स्वार. मोतद्दार नको म्हणत असता तो तिला शर्यतीत दामटतो. घोडीचा दम तुटतो आणि पाठ कायमची भरून येते. इकडे एक दारुडा नोकर सैल झालेला नाल न पाहता ब्लॅक ब्यूटीला रात्री खडीवरून भरधाव सोडतो आणि त्याचे गुडघे फुटतात. ऐन उमेदीतले दोन्ही घोडे कुरणात शेजारी उभे राहून एकमेकांना आपली अवस्था सांगतात, ते प्रकरण मला साऱ्या पुस्तकात सर्वांत जड वाटले. जिंजरचा अंत त्याहून करुण आहे खरा, पण तिथे रडू येते आणि मोकळे वाटते. इथे तेही होत नाही.

अ‍ॅनाच्या शहाणपणाची खूण अशी की, तिने दुष्ट माणसांची रांग लावलेली नाही. तिचे बहुतेक गुन्हेगार साधे आहेत. छोटा नोकर ज्यो ग्रीन स्वभावाने चांगला. रात्री वैद्याला आणायला दौडत जाऊन घामाघूम परतलेल्या घोड्याला तो प्रेमानेच बादलीभर गार पाणी पाजतो आणि अंगावर झूल घालत नाही. घोडा मरता मरता वाचतो. अडाणीपण हे दुष्टपणाइतकेच घातक, हे तिचे लाडके मत. एक नोकर घोड्याची चंदी चोरून घरी नेतो, दुसरा तबेला साफ न ठेवल्यामुळे घोड्याच्या खुरांना रोग जडवतो. आणि लंडनच्या भाड्याच्या गाड्या हाकणारे? त्यांच्यातल्या एकाला मालकाला गाडी-घोड्यांचे दिवसाला अठरा शिलिंग भाडे द्यावे लागते. तेवढे सुटल्याशिवाय घरी पोरांच्या तोंडात घास नाही. मग तो थकलेल्या घोड्याला मारणार नाही तर काय करील? घोड्याच्या पाठीवरचे वळ भाड्याच्या आकड्यापर्यंत जाऊन पोचतात, हे १८७७ मध्ये एका आजारी प्रौढ कुमारिकेने कोचावर पडून ओळखले होते. घोडागाडीवाल्यांची रविवारची सुट्टी, त्यांचे पावसात ताटकळणे, याविषयी तिने त्यांच्याशीच बोलून माहिती घेतली होती. जेरी बार्कर हा तिचा सज्जन गाडीवाला या पुस्तकातला खरा नायक आहे, असे मला वाटते.

या वादीविरुद्ध लिहिणारी ती एकटी नव्हती. स्ट्रॅटफर्डच्या एडवर्ड फ्लॉवर या निवृत्त मद्य-उत्पादकाने १८७५ मध्ये त्यावर पुस्तिका काढली होती. अ‍ॅनाचे पुस्तक हाती आल्यावर तो अगदी हरखून गेला. पण पुस्तिका वाचतो कोण? घोड्याच्या तोंडून आलेली गोष्ट तबेल्यात मोठ्याने वाचली जाऊ शकत होती.

नॉरिचच्या जेरल्ड या प्रकाशकाने, जो आईचाही प्रकाशक होता, २४ नोव्हेंबर १८७७ रोजी पुस्तक काढले. लेखिकेला एकरकमी चाळीस पौंड मिळाले. मुखपृष्ठामागच्या पानावर तिने स्वतःला लेखिका नव्हे, तर घोड्यांच्या भाषेतून भाषांतर करणारी म्हणवले होते. या भारदस्त बाईला विनोदाचेही अंग होते, ते असे. पहिली प्रशंसा कानी पडेपर्यंत ती जगली, एवढेच. २५ एप्रिल १८७८ रोजी ती गेली. लामस या खेड्यातील क्वेकरांच्या दफनभूमीत तिला ठेवले. आई त्यानंतर सहा वर्षे जगली.

१८९० मध्ये बॉस्टनचे जॉर्ज एंजेल यांच्या हाती हे पुस्तक पडले. प्राण्यांसाठी झटणारा हा वकील, गुलामगिरीविरुद्ध ‘अंकल टॉम्स केबिन’ने जे केले ते घोड्यांसाठी करणारे पुस्तक बरीच वर्षे शोधत होता. त्याने ते परवानगी वगैरेच्या भानगडीत न पडता छापले आणि गाडीवाल्यांत, तबेल्यांत, शाळांत वाटले. दोन वर्षांत अमेरिकेत दहा लाखांवर प्रती गेल्या. मानधनाचा एक छदामही स्यूएल कुटुंबाला मिळाला नाही. चोरीच म्हणायची, पण या चोरीवर अ‍ॅना रागावली असती असे वाटत नाही. आजवर जगभर पाच कोटींच्या आसपास प्रती खपल्याचे सांगतात. ती वादी दोन्ही देशांत हळूहळू फॅशनमधून गेली आणि त्याचे श्रेय पुष्कळसे या पुस्तकाला देतात.

मुंबईत प्राण्यांवरील क्रौर्य रोखणारी संस्था १८७४ मध्ये, म्हणजे हे पुस्तक लिहिले जात असतानाच, स्थापन झाली होती. परळचे बाई साकरबाई पेटिट इस्पितळ त्याच्याच पुढच्या दशकातले. ट्रामचे, व्हिक्टोरियाचे घोडे तिथे येत. व्हिक्टोरिया तर त्यानंतरही सव्वाशे वर्षांहून अधिक काळ चालल्या. हौसेच्या सफरींसाठी त्या चालवणे बेकायदा आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ठरवले आणि त्या बंद करायला वर्षाची मुदत दिली. गाडीवाल्यांच्या पोटापाण्याचे काय, हाही प्रश्न न्यायालयापुढे होताच. जेरी बार्करची बिरादरी ती.

माथेरानचे घोडे आजही आहेत, वरातीचेही आहेत. मोटारीला बंदी असलेल्या त्या डोंगरावर घोडा हे वाहन आहे आणि कितीतरी घरांची चूल त्याच्यावर चालते. तिथले जुने घोडेवाले जनावराला जिवापाड जपतात, हे मी पाहिले आहे. पण पाहुण्यांनीही थोडे पाहावे. खोगिराखालची घडी नीट आहे का, तंगाखाली कातडी सोलली आहे का, जनावर अजून शिंगरूच तर नाही, आपण स्वतः त्याच्या मानाने फार जड तर नाही? असे विचारले म्हणून कोणी रागावत नाही. घोडदौडीच्या शर्यतींत तर जगभर दोन वर्षांची शिंगरे अजून धावतात. अ‍ॅनाच्या शेतकऱ्याने त्यांना आणखी दोन वर्षे कुरणात ठेवले असते. घोडेस्वारी शिकवणाऱ्या चांगल्या शाळांतून मात्र आता तरुण घोड्याची पाठ हाताने दाबून तपासतात, वाढत्या अंगाबरोबर खोगीर बसते की नाही ते पुन्हा पुन्हा पाहतात आणि उधळणाऱ्या घोड्याला चाबूक लावण्याआधी डॉक्टर बोलावतात.

अ‍ॅनाची स्मारकेही मोठी गमतीची आहेत. अमेरिकेत कनेटिकट राज्यातील अ‍ॅन्सोनिया गावी १८९२ मध्ये तिच्या नावे एक कारंजे बांधले. नॉरिचला तिच्या एका भाचीने १९१७ मध्ये आत्याच्या आठवणीसाठी एक दगडी हौद बसवला. दोन्ही ठिकाणी कल्पना एकच, येणाऱ्या-जाणाऱ्या घोड्यांना पाणी मिळावे. पाणी प्यायचे तर घोड्याला मान खाली घालावी लागते आणि मान वर बांधलेली असेल तर आधी ती सोडावी लागते.

घरी मुले असतील तर संक्षिप्त आवृत्तीऐवजी पूर्ण पुस्तक मिळवा. प्रकरणे छोटी आहेत, एका बैठकीत दोन-तीन सहज होतात. कुरणापासून खोगिरापर्यंतची सुरुवातीची प्रकरणे मोठ्याने वाचायला फार छान. जिंजरच्या शेवटाचे प्रकरण मात्र रात्री झोपताना वाचू नका.